आमचा चौथा चौदा फेब्रुवारी

९ जानेवारी २०२५, गुरुवार

माझं नाव सुनिल. गाव खर्डीजवळ. एवढं डाव्या हातानं लिहायला घाम आला. शहापूरच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, रोज लिहा, काहीही लिहा, हात वळेल. बास.

११ जानेवारी

अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं. आईनं भाकरी दुधात कुस्करून दिली. मी ताट सरकवलं. मग भूक लागली म्हणून तेच खाल्लं.

१४ जानेवारी, संक्रांत

माझी बायको माधुरी तिळगूळ घेऊन आली. मी सवयीनं उजवा पुढं केला. तो मनगटाच्या वरच संपतो. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग वाकून डाव्यावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला" म्हणायचं असतं. दोघंही म्हणालो नाही. मी उजव्यावर टॉवेल टाकून घेतला. तो आता घरातही टाकूनच असतो.

१९ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, जे झालं ते एकदा लिहून काढा, मोकळं वाटेल. लिहितो.

नोव्हेंबरात भाताची मळणी होती. मशीन भाड्यानं आणली होती. रिक्षा दोन दिवस बंद ठेवून मी घरच्या कामाला लागलो. मी पेंढ्या आत सारत होतो. एक ओली पेंढी अडकली, मशीन बंद केली. मी आत हात घातला. त्यापुढचं मला काही आठवत नाही. आठवतं ते थेट शहापूरच्या रस्त्यावरचं. लडकूच्या रिक्षात मी आडवा, आणि माझ्या हाताभोवती माधुरीची ओढणी. ओढणी पिवळी होती, एवढं आठवतं.

मशीन परत कशी सुरू झाली, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारून काय होणार. आईपुढं त्या दिवसाचा विषय निघाला की ती गुरांकडं जाते. माधुरी तर उठूनच जाते. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. हात मात्र भरून आला.

२३ जानेवारी

रिक्षा पडवीला लागून उभी आहे, निळ्या ताडपत्रीखाली. मी त्या बाजूनं जातच नाही. खर्डी स्टेशनच्या स्टँडवर सात वर्षं उभी केली ती. उजव्या मुठीत रेस असते. ज्याला उजवी मूठ नाही त्यानं ताडपत्री काढून बघण्यात काय अर्थ.

लडकू अधूनमधून दुपारी येतो आणि तिला बाहेर काढतो. तो माझ्याच स्टँडवरचा, शाळेपासूनचा मित्र. म्हणतो, "अरे उभी राहून बॅटरी उतरते, टायर बसतात. जरा फिरवून आणतो." मी खाटेवर पडून आवाज ऐकतो. कधी कधी फार वाईट चालवतो तो. गिअर असा काही घासून टाकतो की माझे दात शिवशिवतात. एवढी वर्षं चालवतो, आणि माझ्या गाडीवर हात बसत नाही.

माधुरीची बचत गटाची मीटिंगही दुपारीच असते. आजकाल फारच मीटिंगा होतात त्यांच्या.

२६ जानेवारी

जेवताना माधुरीनं एकदम विचारलं, "उंबरमाळीच्या चढाला पहिला गिअर टाकायचा की दुसरा?"

मी म्हटलं, "तुला काय कराचंय?"

"असंच. तुमी सांगायचे ना पूर्वी, पाशिंजर भरले की कसं कराचं ते."

माझं मन रमवायला विचारते, हे काय मला कळत नाही? मी म्हटलं, "गाडी बघून टाकायचा," आणि उठलो. ती ताटात बघत राहिली.

३१ जानेवारी

माधुरीच्या हाताला फोड आलेत. डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली. मी विचारलं तर म्हणाली, "कोयत्यानं लाकडं फोडली." ती उजव्या हातानं लाकडं फोडते, डाव्या नाही. तिच्या ओढणीला ऑइलचा वासही येत होता.

मला वाटतं ती वीटभट्टीवर जाते. मला न सांगता. मीटिंग सांगून निघते आणि विटा उचलते. आणि लडकू गाडी फिरवतो ती गिऱ्हाईकाला दाखवायला. दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतं. विकायची तर विका, पण मला तोंडावर सांगा. मी काय भिंतीचा खिळा आहे?

हे तिला म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. नोव्हेंबरपासून तोंड उघडलं की काहीतरी वाकडंच बाहेर येतं, म्हणून मी ते बंद ठेवतो.

३ फेब्रुवारी

स्टेशनवरच्या दुकानात लाल फुगे लागले असतील आता. चौदा तारीख जवळ आली.

आमच्यात हे असलं कोणी करत नाही. आई तर म्हणते, "त्या दिवशी हाय तरी काय?" पण आम्ही करतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला मुरबाडचं भाडं मिळालं होतं. माधुरीचं माहेर टोकावड्याचं. तिला म्हटलं, बस मागं, जाऊन येऊ. पाशिंजर मुरबाडला उतरले, आणि पुढं टोकावड्यापर्यंत रिक्षात आम्ही दोघंच. माळशेजच्या रस्त्यावरच्या धाब्यावर एक मिसळ मागवली आणि पाव जास्तीचे. मुंबईची जोडपी गाड्यांतून उतरत होती, फोटो काढत होती. माधुरी म्हणाली, "त्यांच्यापरास आपली मिसळ तिखट हाय." मग पाणी पिऊन पिऊन हसलो. दुसऱ्या वर्षी माहुलीच्या पायथ्याला गेलो, वडापाव बांधून. तिसऱ्या वर्षी कुठंच नाही, तिला ताप होता, मी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ती म्हणाली होती, हाच चांगला झाला.

यंदा माझ्या खिशात काही नाही, आणि गाडी चालवायला हातही नाही. पण वावरात वाल आहे. शेंगा भरल्यात. मडक्यात शेंगा भाजायच्या, आम्ही दोघंच, वावरात. त्याला दुकानाचं काही लागत नाही. मडकं तेवढं हवं. घरातलं फुटलं.

६ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा वावरात गेलो. शेंगा एका हातानं तोडता येतात, पण वेल ओढला जातो. मग पायानं वेल दाबून धरला. बांधावर भांबुर्डा भरपूर आहे, तो मडक्याच्या तोंडाला लागतोच. त्याचा पाला चुरगळून वास घेतला. बरं वाटलं. आईनं लांबून बघितलं आणि हाक मारली नाही. परत निघताना मात्र म्हणाली, "डोक्याला कायतरी बांध, ऊन हाय."

१० फेब्रुवारी, सोमवार

मडकं आणायला चालत खर्डीला गेलो. नोव्हेंबरनंतर गाव सोडून एकटा पहिल्यांदाच. उजव्या हातावर टॉवेल होता. स्टँडच्या बाजूनं जायचं नव्हतं म्हणून धरणाकडच्या मागच्या रस्त्यानं गेलो. तो रस्ता दुपारी मोकळा असतो.

समोरून माझी रिक्षा आली.

माधुरी चालवत होती. ओढणी कमरेला खोचलेली, पाठ ताठ, तोंड घट्ट मिटलेलं. लडकू मागच्या सीटवरून पुढं वाकून काहीतरी सांगत होता. मी सागाच्या मागं झालो. ती माझ्यापासून इतक्या जवळून गेली की मागच्या पाटीवरचं आमचं नाव वाचता आलं. तिनं मला बघितलं नाही. तिचं रस्त्यावरून लक्षच हलत नव्हतं. पुढं जाऊन गिअर घासला. म्हणजे तो लडकू नव्हता.

मडकं न घेता परत आलो.

११ फेब्रुवारी

काही लिहायचं नाही.

१२ फेब्रुवारी

बोललो. बोलायला नको होतं तसं बोललो.

सकाळी ती चुलीपुढं होती. मी म्हटलं, "आज मीटिंग नाय का?" ती म्हणाली, "हाय ना." मी म्हटलं, "धरणाच्या रस्त्याला हाय काय मीटिंग?"

तिचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपायला लागली.

मी पुढं बोलतच गेलो. म्हटलं, सगळ्या स्टँडला माहीत आणि मला नाही. म्हटलं, उद्या लोक म्हणतील, सुन्या खाटेवर आणि बायको पाशिंजर भरते. विकून टाक ती रिक्षा, मला नको ती दारात. असलं सगळं. आई आत आली, मी तिलाही म्हटलं, "तुला ठाव होतं?" आई म्हणाली, "मी तिला पाठवलं. तुला काय ते मला बोल."

माधुरीनं भाकरी उलटली. करपलेली बाजू वर आली. ती हळू आवाजात म्हणाली, "मला काय हौस आली? त्या स्टँडवर दहा बाप्यांत गाडी लावायची म्हटली का मला रातची झोप येत नाय. पन तुमी चालवू शकत नाय, आईंचं वय झालं. मंग कोन?"

मी दाराकडं बघत राहिलो.

ती म्हणाली, "सांगनार होते. टेस्ट पास झाले का सांगनार होते. आधी सांगितलं असतं आन नापास झाले असते, तर तुमी माझ्याकडं बघितलं पन नसतं. तसंही बघत नाय." मग डोळे पुसले नाहीत, नुसती उठून पाण्याला गेली.

लायसनची टेस्ट शुक्रवारी आहे. चौदा तारखेला. कल्याणला.

१३ फेब्रुवारी

माधुरी बोलत नाही. मीही नाही.

दुपारी आई माझ्या खाटेवर येऊन बसली. ती कधी खाटेवर बसत नाही, खाली बसते. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू दवाखान्यात होतास तवा ती जेवायची नाय. घास तोंडात धरून बसायची. मी म्हनायची गिळ, तवा गिळायची."

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाय."

"तू इचारलं?" मग म्हणाली, "मळणीच्या दिवसाचं तिला एकदा इचार. नायतर नको इचारू, पन तिच्याशी बोल. तू बोलत नाय ते ती आपल्यावर घेते."

आपल्यावर घेते म्हणजे काय, ते मला नीट कळलं नाही. आई गुरांकडं निघून गेली.

संध्याकाळी मी लडकूला फोन केला. म्हटलं, "उद्या गाडी कल्याणपर्यंत तूच नेशील ना?" तो म्हणाला, "हो रे. वहिनीकडं अजून कच्चंच लायसन हाय." मी म्हटलं, "मग मागं माझी जागा ठेव." तो आधी "काय?" म्हणाला. मग म्हणाला, "ठेवतो, ठेवतो."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुष्कळ लिहायचं आहे. हात दुखेल तिथं थांबेन.

सकाळी मी आधीच जाऊन मागच्या सीटवर बसलो. माधुरी आली, मला बघून थबकली, मग दुसऱ्या बाजूनं चढली. लडकूनं गाडी काढली. आसनगाव मागं पडलं. हमरस्त्याला वारा लागायला लागला, तिनं ओढणीचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं. तेव्हा लक्षात आलं की लग्नाला झाली एवढी वर्षं, पण या रिक्षात आम्ही शेजारी कधी बसलोच नव्हतो. मी पुढं असायचो, ती मागं. गप्पा व्हायच्या त्या आरशातून. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, उजव्या. मी टॉवेल सारखा करत होतो. ती म्हणाली, "असू दे." तेवढंच.

कल्याणला मैदानावर बरीच माणसं होती. बायका दोनच, दुसरी स्कूटीवाली. आमचा नंबर आला. सरळ नेली, छान नेली. आठाच्या आकड्यात पण चाक रेषेवर गेलं नाही, गाडी बंद पडू दिली नाही. मी दोरीच्या बाहेर उभा होतो आणि माझा डावा हात आपोआप क्लच दाबत होता. मग रिव्हर्स. तिनं दांडा ओढला, मागं बघितलं, घाबरून पुन्हा पुढं बघितलं, आणि मागची काठी आडवी झाली. साहेब काही वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "बाई, चालवता चांगलं. मागं घ्यायची सवय करा आणि पुढच्या शुक्रवारी या."

ती परत आली ती मान खाली घालून. लडकू म्हणाला, "वहिनी, मी पन पहिल्यांदा नापास झालतो." मला पक्कं माहीत आहे, तो पहिल्या फटक्यात पास झाला होता. मीच त्याच्या मागं उभा होतो.

येताना ती रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसली. माझ्या मनात दोन दिवस काय काय होतं, ती नापास झाली तर मला बरं वाटेल असंही एकदा येऊन गेलं होतं. आता ती झाली, आणि बरं वाटलं नाही. शहापूरला मी लडकूला गाडी थांबवायला सांगितली आणि एक मडकं घेतलं. उधारीवर, पैसे लडकूनं दिले. माधुरीनं विचारलंही नाही कशाला.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लडकू निघाला. मी माधुरीला म्हटलं, "गाडी वावरात घे."

"आता नको."

"घे. आता नाय घेतलीस तर मग भीती बसेल."

भात कापलेलं वावर मोकळं पडलेलं आहे. जमीन कडक झालीय. मी बांबूच्या दोन काठ्या रोवल्या, पायानं दाबून. ती बसली. मी मागं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मागं काठी नाय, माणूस बघायचा. मी दिसतो का आरशात? मी सांगेन तशी ये. पुढं बघूच नको." पहिल्यांदा वाकडी आली. दुसऱ्यांदा काठी पाडली. मी काठी परत रोवली. म्हटलं, "घाई करतेस. तिला कुठं पळायचं नाय."

मग सरळ यायला लागली. मी हातानं ये, ये, डावीकडं, बास, असं करत होतो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, मी उजवा हात हलवत होतो. टॉवेल कुठंतरी बांधावर पडला होता. पुढं हात नसलेली बाही वर खाली होत होती आणि ती आरशात त्याच्याकडं बघून बरोबर गाडी घेत होती. डावीकडं म्हटलं की डावीकडं. हात नसताना तिला कळत कसं होतं, मला माहीत नाही.

अंधार पडायच्या आधी शेंगा भाजल्या. मडकं मी दोन पायांत धरलं. तळाला भांबुर्डा, मग शेंगा, मीठ, ओवा, परत शेंगा, तोंडाला पाला गच्च. ती मदतीला पुढं झाली, मग थांबली आणि हात मागं घेऊन बसली. मला वेळ लागला. मडकं उपडं करून वर पेंढा आणि काटक्या टाकून पेटवलं. ती म्हणाली, "आज तारीख काय?" मी म्हटलं, "म्हणूनच तर." ती जाळाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना.

मी म्हटलं, "टेस्टचं काय घेऊन बसलीस. पुढच्या शुक्रवारी होईल."

ती म्हणाली, "टेस्टचं नाय." मग म्हणाली, "मशीन मी चालू केली."

माझ्या हातातली काटकी तशीच राहिली.

"मी पलीकडं होते. मला वाटलं, तुमी पेंढी काढलीत. मला वाटलं, तुमी हाक मारलीत, चालू कर म्हनून. मला आवाज आला असं वाटलं. मी खटका दाबला. आईंनी बघितलं. त्या कुनाला बोलल्या नाय. तुमाला पन ठाव आसंल असं मला वाटायचं, म्हनून तुमी माझ्याशी बोलत नाय." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "रोज वाटायचं आज म्हनतील. तुमी म्हनायचा नाय."

जाळ उतरला होता. मडक्यावर पाणी शिंपडायला हवं होतं, शेंगा झाल्या का बघायला. मी तिथंच बसून राहिलो. इतके दिवस मी समजत होतो की ती माझ्याकडं बघत नाही कारण आता बघण्यासारखं काही राहिलं नाही. आणि ती हे घेऊन वावरत होती.

मी म्हटलं, "मी हाक मारली होती."

तिनं वर बघितलं.

"मीच म्हटलं, चालू कर. पेंढी निघाली असं वाटलं मला. तू बरोबर ऐकलंस. चूक माझी, हात काढायच्या आधी बोललो."

"खरंच?"

"खरंच. मला चांगलं आठवतं."

ती माझ्याकडं कितीतरी वेळ बघत होती. मग तिनं माझा उजवा हात, जो आहे तेवढा, दोन्ही हातांत धरला आणि त्यावर कपाळ टेकवलं. नोव्हेंबरनंतर त्या हाताला दवाखान्यातल्या माणसांशिवाय कुणी शिवलं नव्हतं. मीही नीट शिवलो नव्हतो.

शेंगा थोड्या करपल्या. खाल्ल्या सगळ्या. ती सोलून देत नव्हती, मी दातानं सोलत होतो. गोड होत्या.

आता खरं लिहितो. मला त्या क्षणाचं काहीही आठवत नाही. हाक मारली असेन, नसेनही. यंदा तिला देण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

१६ फेब्रुवारी

रोज सकाळ-संध्याकाळ वावरात रिव्हर्स. आई बांधावर येऊन बसते आणि काठी पडली की "अगो!" म्हणते. टॉवेल तिनं धुऊन ठेवून दिलाय. माधुरी माझ्यावर ओरडली आज, "एका वेळी एकच सांगा ना!" मी खूश झालो. कुणीतरी माझ्यावर ओरडलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पास. काठीला धक्काही नाही. मी दोरीबाहेर उभा होतो, हलवायला नको म्हणून हात खिशात घातला होता. आई फोनवर रडली. लडकूनं पेढे मागितले, त्याला वडापाव दिला.

२७ फेब्रुवारी

व्यायामाच्या मॅडमना ही वही दाखवली, अक्षरासाठी. त्यांनी एकच पान बघितलं आणि म्हणाल्या, छान वळतंय. आत काय लिहिलंय ते वाचलं नाही. बरं झालं.

५ मार्च

आज रिक्षा स्टँडवर लागली.

माधुरी सकाळपासून गप्प होती. मला म्हणाली, "पहिल्या फेरीला या संगती." मी मागं बसलो. स्टेशनजवळ आलो तशी तिनं वेग इतका कमी केला की सायकलवाला पुढं गेला. स्टँडवरचे सगळे बघत होते. काही हसत होते, खोटं कशाला लिहू. एकजण म्हणाला, "सुन्या, आता मजा तुझी." मला उतरून त्याची कॉलर धरावीशी वाटली. गोजर हा स्टँडवरचा सगळ्यांत जुना रिक्षावाला. त्याचं कधी कुणाशी पटलं नाही, माझ्याशी तर नाहीच. तो उठून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि माधुरीला म्हणाला, "नंबर मागं हाय गो. लायनीत लाव. घुसायचं नाय." तिनं मागं घेतली, सरळ, एका दमात, आणि लायनीत लावली. गोजर जाऊन आपल्या गाडीत बसला.

नंबर यायला वेळ लागला. लोकल आली, माणसं उतरली. दोन बाप्ये आमच्याकडं बघून पुढच्या रिक्षात गेले. मग उंबरमाळीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी आली, डोक्यावर पाटी. तिनं पुढं वाकून बघितलं. "बाई चालवते?"

माधुरी म्हणाली, "हो मावशी."

"मंग बरं झालं. सावकास नेशील." आणि पाटी आत ठेवून माझ्या शेजारी बसली. आणखी दोन बायका तिच्याबरोबर आल्या.

चढाला माधुरीनं गिअर उशिरा बदलला, गाडी गुरगुरली. मी जीभ दातांत धरली. म्हातारी मला म्हणाली, "तू कोन?" मी म्हटलं, "नवरा." तिनं माझ्या हाताकडं बघितलं, माधुरीच्या पाठीकडं बघितलं, आणि मान हलवली. पुढं काही विचारलं नाही. उतरताना मात्र माधुरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

परतीला गाडी रिकामी होती. रस्ताही रिकामा, दोन्ही बाजूला पळस फुललेला. थोडं पुढं येऊन माधुरीनं गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, काही बिघडलं. ती म्हणाली, "मागं एकटं काय बसलात? पुढं या."

"दोघं कसे मावणार?"

"पाशिंजर जास्ती झाले का तुमी नाय बसवायचे बाजूला?"

मी उतरून पुढं गेलो. ती उजवीकडं सरकली, मी तिच्या डाव्या बाजूला अर्ध्या सीटवर बसलो. तिनं डावा हात मुठीवरून काढला आणि मांडीवर ठेवला.

"क्लच-गिअर तुमी बघा," ती म्हणाली. "रेस मी देते."

मी डाव्या हातानं मूठ धरली. तळव्याला ओळखीची वाटली. क्लच दाबला, पहिला टाकला. तिनं रेस जरा जास्तच दिली, गाडीनं उडी मारली, आणि आम्ही दोघंही एकदम "हळू!" म्हणालो. मग जमलं. दुसरा टाकायच्या वेळी ती आपोआप रेस सोडायची. सांगावं लागत नव्हतं. उतार लागला, तिसरा टाकला, वारा तोंडावर यायला लागला. ती समोर बघत होती आणि हसत होती. मीही समोरच बघत होतो.

गावाच्या फाट्यापर्यंत तसेच आलो. फाट्यावर माणसं उभी दिसली, तसा मी उतरून मागं जाऊन बसलो.